संशोधन तपासायचे तर शेवटच्या नळावर

फेब्रुवारी-मार्च आला की अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या फाटकांवर फ्लेक्स लागतात. 'आंतरराष्ट्रीय परिषद' ही अक्षरे सर्वांत मोठी. त्याखाली तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि अलीकडे न चुकता 'शाश्वत विकास'. परदेशातला एक पाहुणा पडद्यावरून पंधरा मिनिटे बोलतो, मग चार वर्गांत समांतर सत्रे, दर निबंधाला सात-आठ मिनिटे, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्रे. निबंधांत मातीची ओल ओळखून आपोआप सुरू होणारे ठिबक असते, भरली की मोबाइलवर संदेश धाडणारी कचरापेटी असते, अडथळा आला की वाजणारी काठी असते. गेल्या वर्षीही साधारण हेच होते. त्या काठीने कोणा अंध माणसाने रस्ता ओलांडला का, त्या ठिबकावर कोणाची डाळिंबाची बाग तगली का, असे सत्राध्यक्ष विचारत नाहीत. पुढचे सात निबंध खोळंबलेले असतात.

या मंडळींना कामचुकार म्हणणे सोपे आहे आणि चूकही. ज्याचे गुण मिळतात तेच प्राध्यापक करतो. बढतीच्या अर्जात शोधनिबंधांचा रकाना आहे, महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या अहवालात परिषदांचा आहे, पेटंटचा आहे. 'तीन वर्षांनी परत जाऊन पाहिले, यंत्रणा बंद आढळली, कारण अमुक' असा रकाना कुठेच नाही. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही अट यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. मान्य नियतकालिकांची 'केअर' यादीही २०२५ मध्ये बंद झाली. सक्ती गेली, सवय राहिली. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या मासिकांचा धंदा काही बसलेला नाही.

उपयोजित म्हणवणारे संशोधन जिथल्या प्रश्नावर केले, तिथेच जाऊन ते तपासले गेले पाहिजे. आणि ही तपासणी एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या उत्साहावर न सोडता जिल्ह्यातल्या महाविद्यालयाचे नेमून दिलेले काम झाली पाहिजे. तिला पैसे हवेत, गुण हवेत आणि ती जाहीर व्हायला हवी. हे हवेत राहू नये म्हणून एकच प्रश्न घेतो, गावच्या नळपाणी योजनेचा.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले तेव्हा देशातल्या ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होता. आता हा आकडा पंधरा कोटींच्या वर गेला आहे. २०२४ ची मुदत २०२८ पर्यंत वाढवावी लागली, ठेकेदारांची बिले थकल्याच्या बातम्या रोज येतात, तरी काम मोठे झाले हे मान्य करायला हवे. मात्र रोजच्या रोज मोजली जाते ती जोडणी. योजनेच्याच व्याख्येत माणशी दिवसाला ५५ लिटर, ठरलेल्या गुणवत्तेचे आणि नियमित पाणी असे म्हटले आहे. ते ५५ लिटर घरात पडतात का, हे केंद्राच्या नमुना पाहणीतून मोठ्या प्रदेशापुरते कळते. कोणत्या गावच्या कोणत्या आळीत ते पडत नाहीत आणि का, हे त्यातून कळत नाही.

सकाळी पाणी सुटायच्या वेळी अशा गावात उभे राहावे. पाणी सोडणारा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन येतो, चेंबरवरची फरशी सरकवतो, व्हॉल्व्ह फिरवतो. टाकीजवळच्या आळीत नळ आधी फुरफुरतात, हवा निघून जाते आणि चांगली मनगटाएवढी धार लागते. तिथे हंडे भरतात, पिंपे भरतात, मग नळीने अंगण धुऊन निघते. वरच्या वस्तीत चित्र वेगळे. तिथे दारापुढे हात-दीड हात खोल खड्डा दिसेल, त्याच्या तळाशी नळ, तोटी काढून टाकलेली, आणि खड्ड्यात उतरून तांब्याने हंडा भरणारी बाई. नळ जमिनीखाली नेला की तेवढीच उंची कमी होते आणि कोरडा असलेला नळ ठिबकायला लागतो. हे द्रवस्थितिशास्त्र तिला कोणी शिकवलेले नाही. ज्याला परवडते तो सरळ नळाला मोटार लावतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याचे खेचतो, मग भांडण.

आता या दोन टोकांना एकेक विद्यार्थी उभा करा, हातात पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचे घड्याळ. समजा पाणी पाऊण तास सुटते. टाकीजवळ बादली मिनिटात भरली, तर त्या घरात ६७५ लिटर पडले. शेवटच्या घरात तीच बादली भरायला दहा मिनिटे लागली, तर तिथे पडले साडेसदुसष्ट. पाच माणसांच्या घराला ५५ लिटरच्या हिशेबाने २७५ लागतात. शेवटच्या घरात माणशी साडेतेराच आले. गंमत अशी की दोन घरांची सरासरी काढली तर ती ३७१ भरते आणि गाव उत्तम गुणांनी पास होते. सरकारी अहवालांत सरासरीच असते.

असे का होते, याचे उत्तर तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. नळाचा व्यास निम्मा केला आणि प्रवाह तेवढाच ठेवला, तर घर्षणात वाया जाणारा दाब जवळजवळ तीसपट होतो. संकल्पचित्रात ठीक असलेल्या योजनेत पुढे वस्ती वाढते, सदस्य आग्रह धरतात, आणि शिल्लक निधीत बसेल तो बारीक नळ जुन्याच नळाला जोडून अर्धा किलोमीटर लांब नेला जातो. एकमजली घरांसाठी नळाच्या तोंडाशी निदान सात मीटरचा, म्हणजे सात मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका, दाब असावा, असे शासकीय नियमपुस्तिका सांगते. वाढीव वस्तीत दाबमापक लावून पाहिला, तर काटा जागचा हलतो का, एवढेच बघायचे. ही माहिती कोणाकडे लिहिलेली नसते. वाढीव नळ कुठून कुठे गेला, हे फक्त पाणी सोडणाऱ्याला ठाऊक, आणि तो ग्रामपंचायतीचा सर्वांत कमी पगाराचा नोकर.

योजना मरते ती बहुधा विजेच्या बिलाने. दोन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला १ लाख १० हजार लिटर लागतात. विहिरीतून टाकीपर्यंत साठ मीटर चढवायचे, तर भौतिकशास्त्र किमान १८ युनिट मागते. पंप-मोटार निम्म्या कार्यक्षमतेची धरली, की ३६. आणि वाटेत शंभरातले चाळीस लिटर गळत असतील, तर घरी तेवढेच पाणी पोचवायला ६० युनिट. महिन्याचे १,०८० कुठे आणि १,८०० कुठे! मधल्या ७२० युनिटांचे पैसे पाणीपट्टीतून वसूल होत नाहीत, थकबाकी चढते, महावितरण जोडणी तोडते आणि उन्हाळ्यात टँकर येतो. 'गावकरी पट्टी भरत नाहीत म्हणून योजना बंद पडली' असा शेरा मारून फाइल बंद होते. ज्याच्या नळाला पाणीच नाही त्याने पट्टी का भरावी, हे शेऱ्यात बसत नाही. गळती नेमकी कुठे आहे, पंप खरोखर किती कार्यक्षमतेने चालतो, गरजेपेक्षा जास्त उंचीवर पाणी चढवणारा पंप गळ्यात मारला गेला का, हे चार दिवसांच्या मोजणीत निघते. शाश्वत व्यवस्थापन म्हणतात ते यापलीकडे फारसे काही नाही, निदान गावपातळीवर तरी.

त्याच गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर अभियांत्रिकी महाविद्यालय असते. तिथे स्थापत्य शाखेत वर्षाला साठ मुले, द्रवयांत्रिकीची प्रयोगशाळा, प्रवाह मोजायचा पितळी व्हेंचुरीमीटर, आणि त्यावर दरवर्षी काढले जाणारे तेच वाचन, कित्येकदा मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेले. महाविद्यालयाचा नळपाणी योजनेशी संबंध अगदीच येत नाही असे नाही. त्रयस्थ तांत्रिक तपासणीसाठी कागद आणि नमुने तिथे येतात: काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहायचे, नळाची जाडी मोजायची, शिक्का मारायचा, शुल्क घ्यायचे. त्या तपासणीत माल पास होतो. योजना चालते का, हे तपासणाऱ्याला विचारलेलेच नसते.

आपल्याकडे हे नेहमीच असे नव्हते. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर विश्वेश्वरय्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून शिकलेला हा माणूस सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत होता. प्रश्न खात्याचा, उत्तरही खात्याच्याच धरणावर, आणि परीक्षक म्हणजे दर पावसाळ्यातला पूर. मुंबई प्रांताच्या सरकारने सिंचनाच्या अडचणींसाठी १९१६ मध्ये एक खास विभाग उघडला, त्याचेच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाले. नाशिकची 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९ ची. या संस्थांत नदीची, सांडव्याची छोटी प्रतिकृती करायची, तिच्यात पाणी सोडून पाहायचे आणि प्रत्यक्ष धरणावरच्या मोजणीशी ताडायचे, ही कामाची रीत. ताडून पाहणे हा त्या संशोधनाचाच भाग होता. मोठ्या धरणांच्या वाट्याला ही शिस्त आली; गावच्या टाकीच्या, तालुक्याच्या रस्त्याच्या, दवाखान्यातल्या बंद सौर पॅनेलच्या वाट्याला आली नाही.

ती आणण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न पवईच्या आयआयटीतून झाला. तिथे ग्रामीण तंत्रज्ञानासाठी 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून आहे. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना कर्जत, शहापूर, मोखाडा या भागांतल्या पाणीयोजनांवर पाठवले. शहापूर म्हणजे भातसा आणि तानसा ज्या तालुक्यात आहेत, मुंबईची तहान जिथून भागते आणि जिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर फिरतात, तो तालुका. संगणकशास्त्र शिकलेली मुले विहिरीची पातळी मोजू लागली, शाखा अभियंत्याबरोबर अंदाजपत्रक वाचू लागली. आयआयटीतच झालेले 'जलतंत्र' याच जातीचे काम: फाटे फुटत जाणाऱ्या नळजाळ्यात कुठल्या तुकड्यात किती व्यासाचा नळ टाकला म्हणजे दाबही राहील आणि खर्चही कमीत कमी येईल, हे सांगणारी ही प्रणाली, आणि ती मोफत आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे 'पोकरा'त, पंधरा जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटीनेच बसवून दिली. पाऊस किती, वाहून गेला किती, जमिनीत मुरला किती, पिकांना लागणार किती. हिवरे बाजारने पाण्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत मांडून जे केले, ते पोपटराव पवारांसारखा सरपंच नसलेल्या गावालाही करता यावे, असा त्यामागचा विचार. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे की वापरणारा खात्याचा माणूस आहे. त्याला आकडा खोटा वाटला तर तो तोंडावर सांगतो. कुठल्याही नियतकालिकाचा परीक्षक एवढा कडक नसतो.

जानेवारी २०१६ मध्ये राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' सुरू केले. जिल्ह्याजिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी स्थानिक प्रश्नांवर, खात्यांबरोबर काम करावे, ही त्यातली कल्पना. कागद चांगला होता. काही महाविद्यालयांनी मन लावून कामही केले. पण अभियान मुख्य वेळापत्रकाच्या बाहेरच राहिले. एखादा प्राध्यापक धडपड करून दहा मुलांना गावात नेतो, त्याचे तास दुसऱ्याला घ्यावे लागतात, प्राचार्य नाराज होतात, मुलांना मुलाखतीत 'डेटा सायन्स केले का?' असे विचारले जाते, आणि जिल्हा परिषदेतल्या साहेबांची बदली होते. नवे साहेब विचारतात, 'तुम्हाला कोणी पाठवले?'

त्या प्रश्नाला प्राध्यापकाकडे उत्तर नसते, आणि खरी अडचण तिथेच आहे. जिल्हा परिषदेने, नगरपालिकेने, महावितरणने महाविद्यालयाला लेखी काम दिले पाहिजे. पूर्ण होऊन तीन वर्षे झालेल्या योजनांची यादी, त्यांची अंदाजपत्रके, मोजमाप पुस्तिका आणि नकाशे दरवर्षी जुलैत महाविद्यालयाच्या हाती आले पाहिजेत. आज तेच कागद मिळवायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणारा प्राध्यापक त्या कार्यालयात कायमचा नकोसा होतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे अशा एका योजनेची मोजणी. अहवाल मराठीत, ग्रामसभेत वाचता येईल असा. वाचने जशीच्या तशी संकेतस्थळावर. आणि अशा चार अहवालांना बढतीत एका शोधनिबंधाइतके तरी वजन. दोनांना द्या म्हणालो तर विद्यापीठात दंगल होईल, म्हणून चार.

सहा महिन्यांत काय संशोधन होणार, ही शंका रास्त आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतला जुळी देणारा जनुक दख्खनी मेंढीत आणला, त्यातून 'सुवर्णा' मेंढी तयार झाली. नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या या कामाला पुढची कित्येक वर्षे लागली, कारण मेंढपाळांच्या कळपात किती कोकरे जन्मली आणि त्यांतली किती जगली, हे पिढ्यान्‌पिढ्या मोजावे लागते. खेड्यातल्या मुलांना हाताने काम करत तंत्रज्ञान शिकवणारा पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये काढला, तोही असाच चिवट. या दोन्ही संस्था विद्यापीठाच्या चौकटीबाहेर उभ्या राहिल्या, हा योगायोग नाही. पण महाविद्यालयाजवळ एक गोष्ट आहे जी फलटण-पाबळकडे नाही: दरवर्षी नवी साठ मुले. यंदाच्या तुकडीने मोजलेली योजना पुढच्या तुकडीने पुन्हा मोजायची. पाच वर्षांत एका तालुक्याची अशी नोंद तयार होईल, जी आज राज्याच्या पाणीयोजना पाहणाऱ्या जीवन प्राधिकरणाकडेही नसेल.

दुसरा आक्षेप मूलभूत विज्ञानवाल्यांचा. सगळ्यांना नळ मोजायला लावले, तर उद्याचे विज्ञान कोण करणार? ज्यांना मूलभूत काम करायचे आहे त्यांनी ते खुशाल करावे, आणि त्यांच्याकडे उपयोगाचा हिशेब मागू नये. भारत संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, त्यात त्यांचाच वाटा वाढायला हवा. माझे भांडण त्यांच्याशी नाही. जे काम निबंधाच्या पहिल्याच ओळीत शेतकऱ्याचे नाव घेते आणि शेवटच्या ओळीपर्यंत एकाही शेतकऱ्याला भेटत नाही, त्याच्याशी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड, आणि तो सहसा कोणी उघड बोलत नाही. महाराष्ट्रातली बरीच खासगी महाविद्यालये ज्यांची आहेत, त्यांचाच जिल्हा परिषदेत वट आहे, आणि योजनेचा ठेकेदार त्यांच्याच गोतावळ्यातला असू शकतो. अशा संस्थेतला कंत्राटी प्राध्यापक 'नळ ठरल्यापेक्षा बारीक टाकला आहे' असे लिहील? लिहिले तर पुढच्या जूनमध्ये त्याची नेमणूक होईल? यावर पक्का उतारा मला दिसत नाही. थोडा बंदोबस्त करता येईल. मोजणी शेजारच्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयाकडे द्यावी, शासकीय तंत्रनिकेतनांना यात मोठा वाटा द्यावा, आणि निष्कर्षांआधी कच्ची वाचने जाहीर करावीत. बादली किती मिनिटांत भरली, हे गावासमोर मोजलेले असते. तो आकडा कार्यालयात बसून बदलणे अभिप्राय बदलण्यापेक्षा अवघड आहे.

राहिला पैसा. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटींचा आकडा सांगितला गेला, आणि त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून येतील असे गृहीत धरले होते. उद्योग बॅटरीवर पैसे लावतील, औषधांवर लावतील, लावावेतच. वरच्या वस्तीतल्या नळाच्या दाबावर कोणतीही कंपनी पैसे लावणार नाही, कारण त्यातून विकण्याजोगे काही निघत नाही. तो खर्च जिल्ह्यालाच करावा लागेल, आणि तो तसा फार नाही: एसटीचे भाडे, मुलांचे जेवण, काही शे रुपयांचा दाबमापक, पाण्याच्या नमुन्यांची तपासणी, एका प्राध्यापकाला आठवड्यातून एक दिवस मोकळा. जिल्हा वार्षिक योजनेत पाणीपुरवठ्याच्या नव्या कामांसाठी तरतूद होते, तेव्हा त्याच पानावर जुनी कामे मोजण्याचा एक लेखाशीर्ष घालावा, आणि पहिल्या वर्षी तालुक्याला दोनच योजना घ्याव्यात: एक सुरू असलेली, एक बंद पडलेली.